गच्चीवरची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'शाळा आणि समाजसेवा' असा. विषय वाचूनच दोघीतिघींनी मागच्या रांगेत जागा धरली, ते मी पाहिले. त्यांना दोष देत नाही. समाजसेवेवरची भाषणे आपण इतकी ऐकली आहेत की शेवटची टाळी कुठे पडणार ते आधीच कळते. म्हणून मी आज उपदेशाच्या वाटेला न जाता एका शाळेची हकीकत सांगणार आहे. ही शाळा कोलकात्याची, ख्रिस्ती नन्सनी चालवलेली. जिना चढताना एकीने मला विचारलेच, "अहो, आपल्याकडे शाळांना तोटा का आहे, म्हणून तुम्ही थेट कलकत्ता गाठलेत?" त्याचे उत्तर शेवटी त्यांनीच द्यावे.

'कॉन्व्हेंट' हा शब्द आपण कसा वापरतो ते सर्वांना ठाऊक आहे. जिथे नन नाही, मठ नाही, अशा दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळेवरही 'कॉन्व्हेंट' अशी पाटी लागते आणि पाटी पाहून प्रवेशासाठी रांग लागते. इस्त्रीचा गणवेश, फाडफाड इंग्रजी आणि सोबतीला 'चांगल्या घरची' मुले, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आपण करून ठेवला. बंगाल्यांनीही तोच केला होता. आपल्या मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालायचे ते रस्त्यावरच्या मुलीपासून ती चार हात दूर राहावी म्हणून. आता त्याच शाळेने रस्त्यावरच्या मुलींना आत बोलावून आपल्या मुलीच्या शेजारी बसवले तर काय होईल?

सियालदा हे कोलकात्यातले फार मोठे आणि फार गजबजलेले स्टेशन. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी याच स्टेशनाच्या फलाटांवर चुली मांडल्या होत्या. आजही पहाटे कॅनिंगकडून येणाऱ्या लोकल गाड्या बायकांनी खच्चून भरलेल्या असतात. सुंदरबनाच्या बाजूच्या खेड्यांतून त्या शहरात धुणीभांडी करायला येतात आणि कामे आटोपून त्याच गाड्यांनी परत जातात. अशा स्टेशनाभोवती मुले साचतात. कुणी कागद वेचते, कुणी भीक मागते, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन नुसतेच बसते. त्यांतल्या मुलींची रात्र कशी जात असेल ते बायकांच्या सभेत उलगडून सांगायला नको.

या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर लॉरेटो डे स्कूल ही मुलींची शाळा १८५७ पासून उभी आहे. लॉरेटोच्या नन्स आयर्लंडहून १८४१ साली कलकत्त्यास आल्या. मदर तेरेसा आधी याच संघातल्या; त्या १९४८ साली तेथून बाहेर पडल्या आणि वस्तीत गेल्या. या परंपरेची मूळ बाई मेरी वॉर्ड ही सतराव्या शतकातली इंग्रज स्त्री. व्रतस्थ बायकांनी भिंतीआड न राहता बाहेर पडून मुलींना शिकवावे असे तिचे म्हणणे. ते इतके भयंकर वाटले की १६३१ साली खुद्द पोपनेच तिची संस्था मोडून टाकली आणि तिला पाखंडी ठरवून कोंडून ठेवले. बायकांनी उंबरठा ओलांडून काही करायचे म्हटले की काय ऐकावे लागते, याचा आपल्या मंडळालाही थोडाबहुत अनुभव आहेच. असो.

१९७९ साली या शाळेत सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका झाल्या. बाई आयरिश, विशीत असताना १९५६ साली हिंदुस्थानात आलेल्या आणि प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या. त्या आल्या तेव्हा शाळेत सुमारे सातशे नव्वद मुली होत्या आणि त्यांत नव्वद मुली फी न देणाऱ्या, गरीब घरच्या. नव्वद काही कमी नव्हत्या. दुसरे कुणी असते तर वार्षिक अहवालात हा आकडा ठळक छापून समाधान मानले असते. सिस्टर सिरिल यांनी तो वाढवत नेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेत चौदाशेच्या आसपास मुली झाल्या तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्या काहीच न देणाऱ्या किंवा नावापुरते देणाऱ्या होत्या.

निम्म्या हा आकडा मी मुद्दाम दोनदा वाचला. वर्गात दोन गरीब मुली असल्या की त्या 'गरीब मुली' असतात. त्यांना सगळे सांभाळून घेतात, आणि सांभाळून घेणे किती टोचते ते ज्याला घेतले त्यालाच विचारावे. पण वर्गातल्या निम्म्या मुली तशा असल्या की मग कुणी कुणाला सांभाळून घ्यायचे? गणवेश एकच, बाक एकच, पुस्तके एकच. अर्थात फी माफ करून हे भागत नाही. गणवेश द्यावा लागतो, पुस्तके द्यावी लागतात, पोटात काही नसेल तर जेवणही द्यावे लागते. फी देणाऱ्यांची फी, देशातल्या आणि परदेशातल्या देणगीदारांचे साहाय्य, असे करून ती तोंडमिळवणी केली जाई.

पण खरी गंमत पुढे आहे. फाटकाशी घुटमळणाऱ्या मुलांना वर्गात घालायचे तर ती नियमित येणार कशी? सकाळचा वेळ कमाईचा. नऊ वर्षांच्या पोरीला एकाएकी पहिलीत बसवले तर सहा वर्षांच्या मुली तिला हसतात. आणि स्वतंत्र शिक्षक नेमायचे तर पैसा कुठून आणायचा? १९८५ साली शाळेने यावर तोड काढली. रस्त्यावरच्या मुलांसाठी इमारतीचा वरचा भाग, गच्चीवरची जागा मोकळी करून दिली आणि शिक्षक म्हणून शाळेतल्याच मुली लावल्या. या मुलांना 'रेनबो' म्हणजे इंद्रधनुष्याची मुले असे नाव पडले.

वेळापत्रकात हे कसे बसवले ते ऐका, कारण गृहिणींना हिशेब लगेच कळतो. शालेय अभ्यासक्रमात 'वर्क एज्युकेशन' नावाचा विषय सक्तीचा होता. आपल्याकडे त्यालाच कार्यानुभव म्हणतात. एके काळी 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे लांबलचक नाव होते. ते समाजोपयोगी कार्य म्हणजे काय, ते येथे बसलेल्या प्रत्येक आईला माहीत आहे. पुठ्ठ्याचे घर, लोकरीची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांची पेनदाणी. करते आई, रात्री अकराला. गुण मिळतात मुलीला. आणि समाजाच्या उपयोगी त्यातले काय पडते ते देवच जाणे. सियालदाच्या शाळेने हे तास पुठ्ठ्याऐवजी माणसांना दिले. पाचवीपासून वरच्या प्रत्येक वर्गाने आपल्या कार्यानुभवाच्या तासाला गच्चीवर जायचे आणि एका मुलीने एका मुलाला घेऊन शिकवायला बसायचे. आज पाचवी, तर पुढच्या तासाला सातवी. एक वर्ग खाली उतरला की दुसरा वर चढतो. त्यामुळे रस्त्यावरचे मूल सकाळी येवो, दुपारी येवो, कमाई करून येवो की भावंडाला घेऊन येवो, वर कुणी ना कुणी शिकवणारी हजर असतेच. उशीर का झाला म्हणून विचारणे नाही, काल का आला नाहीस म्हणून दटावणे नाही. जिथवर शिकून झाले असेल तिथून पुढे चालू.

एकास एक शिकवणी ही आपल्याकडे श्रीमंतांची चैन. ती तेथे फलाटावरच्या पोराला मिळू लागली, आणि त्यासाठी वेगळा पगार मोजावा लागला नाही. मूल तयार झाले की त्याच्या वयाला शोभेल अशा इयत्तेत, याच शाळेत किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत, त्याची सोय लावून देत. ज्या मुलींना रात्री सुरक्षित जागा नव्हती त्या पुढे शाळेतच राहू लागल्या. दिवसा ज्या इमारतीत वर्ग भरतात ती रात्री रिकामी पडून असते आणि तिच्याच फाटकाबाहेर मुली फुटपाथवर झोपतात, यातली विसंगती एकदा डोळ्यांत भरल्यावर कुलूप लावून घरी जाणे अवघड होत असावे.

आता आईबापांकडे वळू. आपण त्या जागी असतो तर काय म्हटले असते? "बाई, आमची मुलगी येथे शिकायला पाठवली, शिकवायला नव्हे. तास बुडतो. त्या मुलांच्या अंगावर काय काय असते, उवा, खरूज. आणि बोर्डाच्या परीक्षेचे काय?" सियालदाच्या पालकांच्या मनातही या शंका होत्याच, आणि मला त्या अगदीच गैरवाजवी वाटत नाहीत. आईने मुलीच्या डोक्यातल्या उवांची काळजी करायची नाही तर कुणी करायची? पण निकाल घसरले नाहीत. शाळेतली पहिल्या नंबरची चुरस मुद्दाम कमी केली, तरीही नाही. मला स्वतःला याचे नवल वाटले नाही. भागाकार दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला भागाकार खरा कळतो, हे धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतलेल्या प्रत्येक थोरल्या बहिणीला विचारून पाहावे.

गच्चीपुरतेच हे थांबले नाही. दर गुरुवारी शाळेच्या मुली बसमध्ये बसून शहराबाहेरच्या खेड्यांत जात आणि तेथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना शिकवत. वस्तीतल्या आणि खेड्यातल्या, स्वतः फारसे शिकलेले नसलेल्या तरुण मुलामुलींना शिकवण्याचे तंत्र देऊन त्यांना 'अनवाणी शिक्षक' म्हणून तयार करण्याचे कामही शाळेने हाती घेतले. असे शिक्षक हजारोंच्या संख्येने तयार झाले. पण या साऱ्यात मला जे सर्वांत धाडसाचे वाटते ते निराळेच आहे, आणि ते आपल्या घराशी येऊन भिडते.

शाळेतल्या मुलींना सांगितले की, आपापल्या आळीत, आपापल्या इमारतीत, घरकामाला ठेवलेली मुले शोधा. रस्त्यावरचे मूल निदान दिसते तरी. घरात ठेवलेले दिसत नाही. ते दाराआड असते. 'गावाकडची लांबची नातेवाईक' म्हणून त्याची ओळख करून देतात. मुलींनी त्यांच्याशी मैत्री करावी, त्यांच्याशी खेळावे, मालकिणीशी अदबीने बोलून त्यांना थोडा वेळ शिकायला सोडवून आणावे, असा हा उद्योग. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने शेजारच्या काकूंच्या दारात उभे राहून म्हणायचे, "काकू, तुमच्याकडच्या मुलीला तासभर पाठवाल का?" काकूंना काय वाटले असेल! आणि त्या मुलीच्या आईला, दुसऱ्या दिवशी काकू जिन्यात भेटल्यावर?

भगिनींनो, दान आणि न्याय यांतला फरक मला कुणी विचारला तर मी हे उदाहरण देईन. वह्या वाटल्याने कुणीही रागावत नाही. देणाऱ्याला बरे वाटते, घेणाऱ्याला वही मिळते, फोटो निघतो. पण 'ही मुलगी शाळेत न जाता तुमच्याकडे भांडी का घासते आहे' असे विचारले की कुणीतरी रागावते. ज्या समाजसेवेने कधीच कुणी रागावत नाही तिच्यात न्यायाचा भाग किती, हे तपासून पाहावे, असे माझे मत आहे.

कायदाही पुढे त्याच वाटेने आला. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला आणि ढाबे-हॉटेलांत ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी झाली. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरले. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावणे एवढीच मुख्य सवलत ठेवली. (ही सवलत फार सैल आहे अशी टीका झाली, आणि ती टीका मला पटते. घरचा धंदा म्हणता म्हणता त्यात काय काय बसते!) पण कायदा दाराशी येऊन उभा राहतो, घंटी वाजवायला शेजारीच लागतो.

कॅथॉलिक शाळांना हे सुचले कोठून, असा प्रश्न येईल. सेवा ही त्यांच्याकडे जुनीच. परंतु विसाव्या शतकात त्यांच्यात एक मंथन झाले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर प्रसिद्ध पत्रक काढले होते. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली. १९७१ साली जगभरच्या बिशपांच्या सभेने न्यायासाठी झटणे हा धर्माच्या शिकवणीचाच अंगभूत भाग आहे असे म्हटले. आणि १९७३ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया येथे जेझुइट संघाचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी आपल्याच शाळांतून शिकून मोठे झालेल्या लोकांसमोर प्रश्न टाकला की, आम्ही तुम्हांला न्यायासाठी शिकवले का? आणि उत्तरही स्वतःच दिले की, नाही, शिकवले नाही. समोर बसलेले लोक सुखवस्तू, प्रतिष्ठित. त्यांतले पुष्कळ दुखावले गेले. स्वतःच्या संस्थेविषयी भर सभेत असे बोलणारा अध्यक्ष विरळा. आपण आपल्या वार्षिक अहवालात असे एक तरी वाक्य कधी छापले आहे का, ते चिटणीसबाईंनी जुन्या फायली काढून पाहावे.

आणखी एक शंका कुजबुजीच्या स्वरात विचारली जाते, तिला उघड उत्तर दिलेले बरे. "हे सगळे बाटवण्यासाठी तर नव्हे?" सियालदाच्या शाळेतल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती नव्हत्या. फी देणाऱ्या नव्हत्या, न देणाऱ्याही नव्हत्या. गच्चीवर शिकवणारी मुलगी हिंदू, शिकणारी मुसलमान, किंवा उलट, असेही असे. आणि बालपणी कुणाची पाटी धरून बसलेली मुलगी मोठेपणी दंगलीच्या दिवसांत काय विचार करील, याचाही हिशेब या शिक्षणात धरला पाहिजे. या बाईंच्या कामाला युनेस्कोने १९९४ साली साक्षरतेचे नोमा पारितोषिक दिले आणि आपल्या सरकारने २००७ साली पद्मश्री दिली. २०११ साली त्या मुख्याध्यापिकेच्या जागेवरून निवृत्त झाल्या आणि २०२३ साली वारल्या. त्यांच्या रेनबो घरांचा नमुना मधल्या काळात कोलकात्याबाहेर हैदराबाद, दिल्ली आणि आपल्या पुण्यापर्यंत येऊन पोचला.

माझी स्वतःची एक शंका मात्र आहे, आणि ती कुणी फारशी विचारत नाही. गरीब मूल म्हणजे आपल्या मुलीच्या मनावर संस्कार करण्याचे साधन होते की काय? आठवड्यातून एक तास ती जाणार, तिचे मन मोठे होणार, प्रमाणपत्रावर शिक्का बसणार, कॉलेजच्या प्रवेशअर्जात ती ओळ लिहिता येणार. आणि ते मूल? तेथे बसलेल्या मुलाला वाचता आले की नाही, हे कुणी मोजले? पुष्कळ शाळांत आणि कॉलेजांत 'सेवेचे तास' भरून घेतात, तेथे हेच होते. १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना चांगली, तिच्यातून कितीतरी मुले घडली; पण तासांचा आकडा भरला म्हणजे सेवा झाली अशी समजूतही तिच्या आजूबाजूला वाढली. सियालदाची गोष्ट मला निराळी वाटते ती अशासाठी की तेथे मोजमाप शिकणाऱ्याचे होते. त्याला गाडीची पाटी वाचता येऊ लागली का, मोड मोजता येऊ लागली का, तो वर्गात जाऊन बसला का. आणि शिकवणाऱ्या मुलींत त्या निम्म्या, फी न देणाऱ्या मुलीही होत्या, हे विसरू नये. एका झोपडपट्टीतली मुलगी दुसऱ्या फलाटावरच्या मुलीला शिकवते, तेव्हा उपकार करणारे कोण?

कायद्याविषयी आणखी एक गोष्ट सांगून टाकते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांना पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितले. अल्पसंख्याकांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी त्यातून वगळले. म्हणजे ज्या प्रकारच्या शाळेवर कायद्याने सक्ती केली नाही, त्यांतल्या एकीने तो कायदा होण्याच्या कितीतरी आधी आपण होऊन पन्नास टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. याउलट सक्ती असलेल्या कित्येक शाळांत या पंचवीस टक्क्यांच्या मुलांना कसे वागवतात, सहलीच्या वेळी त्यांचे काय होते, ते आपल्या कामवाल्या ताईंना विचारा. त्या सांगतील.

"आपल्याकडे काय कमी आहे" या प्रश्नाकडे आता येते. खरोखर कमी नव्हते. सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला घेतले, तेव्हा अंगावर शेण झेलले. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. आणि ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले बालवाडीत येईनात तेव्हा या बायका बालवाडीच हरिजनवस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे रानात जात, म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नावच 'कुरणशाळा'. गुरे चरतात, मुले शिकतात. सियालदाची गच्ची आणि कोसबाडचे कुरण यांत मला सख्ख्या बहिणींचे नाते दिसते. दोन्हीकडे 'मूल शाळेत का येत नाही' हे विचारता विचारता 'शाळा मुलाला सोयीची का नाही' असा प्रश्न पुढे आला.

म्हणून आता आपल्या मंडळाच्या सभागृहाकडे या. कार्यकारिणीत गेले दोन महिने जो वाद चालू आहे तो सर्वांच्या कानांवर आहे, तेव्हा मी तो झाकून ठेवत नाही. दुपारी एक ते चार सभागृह रिकामे असते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायकांच्या मुली त्या वेळी जिन्यात, पंपाच्या खोलीपाशी किंवा पलीकडच्या बांधकामावर धाकट्यांना सांभाळत बसतात. त्यांना येथे बसू द्यावे, आणि आपल्या घरच्या आठवी-नववीच्या मुलींनी त्यांना शिकवावे, अशी सूचना आली. विरोधी मतेही आली. फरशी खराब होईल. वस्तू हलतील. दुपारची झोपमोड होईल. एका भगिनीने, आणि त्यांचे म्हणणे मला सर्वांत वजनदार वाटले, असे विचारले की, चार महिने उत्साह टिकेल आणि मग आपण ते बंद करू. त्या मुलींना आशा लावून मागे फिरण्यापेक्षा सुरूच न केलेले काय वाईट?

फरशीला उत्तर केरसुणी आहे. वस्तूंविषयी म्हणाल तर ज्यांच्या आयांच्या हाती आपण घराच्या किल्ल्या देतो, त्यांच्या मुलींचे मंडळाच्या दोन समया आणि हार्मोनियम यांच्यापाशी काय बिघडणार आहे, ते मला समजलेले नाही. टिकण्याचा प्रश्न मात्र खरा. सियालदाला ते टिकले कारण ते कुणा एकीच्या उत्साहावर सोडले नव्हते, वेळापत्रकात बांधून टाकले होते. आपणही तसेच करू शकतो. आपल्या इमारतींत आठवी ते दहावीच्या एकवीस मुली आहेत. मी घरोघर जाऊन मोजल्या. सकाळच्या शाळेच्या त्यांतल्या तेरा. प्रत्येकीने आठवड्यातून एकच दुपार दिली तर मंगळवार आणि शुक्रवार मिळून दोन दिवस, दर दिवशी सहा-सात शिकवणाऱ्या होतात. शिकायला येणाऱ्या मुली सध्या नऊ आहेत. म्हणजे एकीला दोघींपेक्षा जास्त कधीच नाहीत. परीक्षेच्या महिन्यात मुलींना मोकळे करून तेवढे दिवस आपण मोठ्या बायकांनी बसायचे. आपल्यातल्या चौघी निवृत्त शिक्षिका आहेत आणि मी त्यांतलीच एक.

आणि वर्षाच्या शेवटी अहवालात किती वह्या वाटल्या ते न लिहिता, नऊपैकी किती जणींना मराठीचे एक पान न अडखळता वाचता आले आणि किती जणींचे नाव शाळेत लागले, एवढेच लिहावे. आकडा लहान आला तर लहान छापावा.

कार्यकारिणीची सभा येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता आहे. ज्या मातांची मुलींना पाठवण्याची तयारी आहे त्यांनी त्याआधी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मुलीला विचारून द्यावे, तिच्या वतीने नव्हे. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही सभेला जरूर यावे आणि समोर बोलावे. सतरंज्या मंडळाच्या आहेतच. एक फळा हवा आहे, आणि दुपारची किल्ली कोणाकडे राहील ते ठरवायचे आहे. ती माझ्याकडे ठेवायला माझी हरकत नाही.